मुंबई तीन दिवसांत: आधी वार बघा, मग नकाशा

परभणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. शनिवारी सकाळी देवगिरी एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरायचं, सोमवारी रात्रीच्या गाडीने परत. सोबत सत्तरीला आलेले सासू-सासरे, नवरा आणि दहा-बारा वर्षांची दोन मुलं. नणंदेचं लग्न ठरलंय, म्हणून थोडी कापडखरेदीही करायची आहे. त्यांनी आखलेला कार्यक्रम असा: शनिवारी सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली आणि जुहू. रविवारी क्रॉफर्ड मार्केट, मंगलदास आणि झवेरी बाजार. सोमवारी गेटवे, घारापुरी, म्युझियम आणि मरीन ड्राइव्ह. "एवढं बसेल का?"

ताई, जुहू सोडलं तर सगळं बसेल, पण या क्रमाने नाही. रविवारी मंगलदास आणि झवेरी बाजार बंद असतात. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. म्हणजे एक दिवस खाली ओढलेली शटरं बघण्यात जाईल आणि दुसरा गेटवेच्या कठड्यावर बसून. हसू नका, मी स्वतः हे केलंय. पाहुणे फिरवायला लागलो त्या पहिल्याच वर्षी मी अठरा जणांना सोमवारी सकाळी गेटवेला नेऊन उभं केलं होतं. त्यातल्या एका आजोबांनी "तुम्ही मुंबईचेच ना?" असं विचारलं, ते अजून कानात आहे.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. ठिकाणांची यादी हातात आली की आधी वारांची यादी काढायची. रविवारी कापड बाजार आणि सराफ बाजार बंद, क्रॉफर्डमध्येही निम्मा शुकशुकाट. सोमवारी घारापुरी बंद, आणि दादरची बरीचशी दुकानंही. मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग इतकी की म्हाताऱ्या माणसांना नेऊच नये. बुधवारी राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बंद. शुक्रवारी चोर बाजारातली नेहमीची दुकानं बंद. या शहरात चुकीच्या दिवशी गेल्याने जेवढा वेळ वाया जातो, तेवढा ट्रॅफिकमध्येही जात नाही. तुमच्या तीन दिवसांत फक्त अदलाबदल करायची आहे: बाजार शनिवारी, बेट आणि म्युझियम रविवारी, देवदर्शन सोमवारी.

राहायची सोय फोर्ट, कुलाबा किंवा सीएसएमटीच्या आसपास बघा. खोली लहान मिळेल, पैसे जरा जास्त लागतील, पण उपनगरात स्वस्त हॉटेल घेऊन रोज दीड तास जायला आणि दीड तास यायला घालवलात, तर तिसऱ्या दिवशी सासूबाई खोलीतून बाहेर पडायच्या नाहीत.

शनिवारी गाडी वेळेवर असली तर सातच्या सुमारास उतराल. बहुतेक हॉटेलं दुपारी बारापर्यंत खोली देत नाहीत, पण सामान ठेवून घेतात. आदल्या दिवशी फोन करून तेवढं विचारून ठेवा. नाहीतर स्टेशनचं क्लोकरूम आहे. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि तिकीट दाखवावं लागतं, म्हणून दोन छोटी कुलुपं घरूनच आणा. आयत्या वेळी स्टेशनबाहेर कुलूप शोधत फिरणारे पाहुणे मी दर महिन्याला बघतो.

तोंड धुवून चहा झाला की लगेच कुठे धावू नका. ज्या इमारतीतून बाहेर पडताय, तीच मुंबईतली बघण्यासारखी पहिली गोष्ट आहे, आणि निम्मे लोक तिच्याकडे पाठ करून टॅक्सी शोधत असतात. रस्ता ओलांडून महापालिकेच्या कोपऱ्यावर या आणि मागे वळून बघा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुविशारदाची ही रचना. काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. २००४ पासून ही इमारत जागतिक वारसा यादीत आहे. मुलांना कामाला लावा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलाय: सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. घुमटाच्या टोकावर हातात मशाल घेतलेली बाई आहे, ती 'प्रगती'. खिडक्यांवर मोर शोधायला सांगा, पाण्याच्या पन्हळींशी डोळे वटारून बसलेले विचित्र प्राणी शोधायला सांगा. यातलं बरंचसं कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. ज्या महापालिकेच्या कोपऱ्यावर तुम्ही उभे आहात, ती इमारतही याच स्टीव्हन्सची, १८९३ मध्ये पूर्ण झालेली.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौकापर्यंत चालत जा. साधारण किलोमीटरभर अंतर आहे आणि बराचसा रस्ता इमारतींच्या कमानींखालून जातो, म्हणजे ऊन लागत नाही. शनिवारी सकाळी फोर्टात ऑफिसांची गर्दीही कमी असते. मुलं विचारतील, "फोर्ट म्हणतात, मग किल्ला कुठाय?" किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकातच पाडली. ती पाडून मोकळी झालेली जागाच पुढे या सगळ्या भव्य इमारतींना मिळाली. हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे आणि शेजारी १८६४ चं फ्लोरा फाउंटन. दहा मिनिटं बसा. सासऱ्यांच्या पिढीला त्या स्मारकाबद्दल तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, त्यांनाच मुलांना सांगू द्या.

साडेदहा-अकराला टॅक्सीने क्रॉफर्ड मार्केट. त्याआधी जाऊन उपयोग नाही, कापडवाले सावकाश उघडतात. क्रॉफर्डचं कागदोपत्री नाव महात्मा जोतिबा फुले मंडई, पण टॅक्सीवाल्याला क्रॉफर्डच सांगा. मंडई १८६९ ची. आर्थर क्रॉफर्ड हे शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, त्यांचं नाव तिला मिळालं. दारावरच्या कोरीव पट्ट्यांत शेतकरी आणि धान्याची कामं दिसतात, ती लॉकवुड किपलिंग यांची, म्हणजे लेखक रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची. आत फळं आणि सुका मेवा. आंब्याच्या दिवसांत आलात तर पेटीचा वरचा थर बघून भुलू नका, खालचा थर उघडून दाखवायला सांगा. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका. दारात पाटीवाले, म्हणजे टोपलीतून सामान वाहणारे हमाल, भेटतील. सामान खरंच जड असेल तरच पाटी करा, आणि पैसे आधी ठरवून.

आता मंगलदास मार्केट, कारण तुमचा खरा प्रश्न इथे आहे. क्रॉफर्डपासून चालत पाचेक मिनिटं. छपराखाली अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना पांढऱ्या गाद्यांवर बसलेले दुकानदार आणि "या ताई, बघून तरी जा" हा सूर. आत शिरण्याआधीच चुकलं तर कुठे भेटायचं ते दार ठरवा. आत सगळ्या गल्ल्या सारख्या दिसतात आणि फोनची रेंज कुठेही दगा देते. सासू-सासऱ्यांना आत नेऊच नका. त्यांना आणि मुलांना नवऱ्याबरोबर एखाद्या सरबताच्या नाहीतर इराण्याच्या दुकानात बसवा आणि तुम्ही एखाद्या मैत्रिणीला घेऊन, नाहीतर एकट्याच शिरा. कापड घेताना दर विचारण्याआधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. एकाने मीटरला वीस रुपये कमी सांगितले म्हणून खुश होऊन घेतात, आणि घरी शिंपी सांगतो की हा छत्तीसचा पन्हा आहे, चव्वेचाळीसचा असता तर एवढ्यात भागलं असतं. ठाणातून कापताना जेवढं घेताय तेवढं सगळं आधी उलगडायला लावा. डाग, तुटलेला धागा किंवा छपाईतली उडी मध्येच कुठेतरी असते. एकदा कात्री चालली की ते कापड तुमचं. मॅचिंगसाठी साडीचा फोटो आणू नका, पदराचा नाहीतर काठाचा तुकडा आणा. त्या ट्यूबलाइटखाली फोटोतला मोरपंखी आणि खरा मोरपंखी यांची गाठ पडत नाही; ठाण गल्लीच्या तोंडाशी उजेडात नेऊन बघितलं तर दुकानदार नाही म्हणत नाहीत.

भाव करा, पण भांडल्यासारखा नको. तीन दुकानांत एकच कापड विचारलंत की खरा भाव आपोआप कळतो. "फक्त होलसेल" अशी पाटी असेल तिथे एका ब्लाउजपीससाठी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, त्यांना खरोखरच किरकोळ विकायचं नसतं. आणि अख्खा बस्ता इथे दोन तासांत उरकायचा विचार असेल तर तो सोडा. बस्ता तुमच्या ओळखीच्या दुकानात निवांत बसूनच बांधा. इथून ड्रेस मटेरियल, अस्तर, लेस, देण्याघेण्याची कापडं घ्या, त्यात खरा फायदा आहे. बांगड्या आणि खोटे दागिने हवे असतील तर पुढे भुलेश्वर.

झवेरी बाजार तिथून जवळच आहे. बघायला जरूर जा, पण लग्नाचं सोनं परक्या गावात, दोन पिशव्या सांभाळत, घाईत घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही. घ्यायचंच असेल तर दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असलाच पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिना कुठला, किती शुद्धतेचा हे दुकानात उभ्या उभ्याच तपासता येतं. बिल पक्कं घ्या. चोर बाजार तुमच्या यादीत नाही, तो तसाच राहू द्या. जुन्या वस्तूंची नजर असलेल्या माणसासाठी तो खजिना आहे, बाकीच्यांना गेल्या महिन्यात घडवून काळवंडलेली पितळी घंटा शंभर वर्षांची म्हणून मिळते.

तीनच्या आत बाजारातून बाहेर पडा. खोलीवर जाऊन पाठ टेका. संध्याकाळी पाचनंतर आधी ओव्हल मैदान, मग मरीन ड्राइव्ह. ओव्हलच्या मधोमध उभं राहून पूर्वेला बघा: हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, सगळं एकोणिसाव्या शतकातलं टोकदार गॉथिक. आता पश्चिमेला वळा: १९३० च्या दशकानंतरच्या गोलसर गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. दोन शतकं समोरासमोर, आणि मध्ये पोरं क्रिकेट खेळतायत. या दोन्ही बाजू मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिला. राजाबाई हे त्यांच्या आईचं नाव. तिथून चर्चगेटमार्गे समुद्र चालत दहा-पंधरा मिनिटांवर.

रविवार. साडेसात-आठला गेटवेला पोचा. संध्याकाळी तिथे उभं राहायला जागा नसते, सकाळी कबुतरं जास्त आणि माणसं कमी. राजा पाचवा जॉर्ज आला १९११ मध्ये, आणि त्याच्या स्वागताची ही कमान पूर्ण होऊन खुली झाली १९२४ मध्ये. सरकारी कामाचा वेग तेव्हाही तोच. २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली.

घारापुरीच्या बोटी नऊच्या सुमारास सुरू होतात आणि तासाभरात पोचवतात. पहिल्या एक-दोन बोटींतच बसा, दुपारच्या बोटीने गेलात तर ऊन आणि गर्दी दोन्ही भेटतील. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, मुलांना ती लेण्यांपेक्षा जास्त आवडते. त्यानंतर मात्र सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. सासू-सासऱ्यांच्या गुडघ्यांचा अंदाज तुम्हालाच. खुर्चीची डोली मिळते, पैसे खाली उभं असतानाच ठरवा. हातात खाण्याची पिशवी दिसली की माकडं ती घेणारच. बिस्किटं बॅगेच्या तळाशी.

मुख्य लेण्यात उत्तरेकडून शिराल. बाहेरच्या उन्हातून आल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही, आणि बरेच जण तेवढ्यात फोटो काढून परत फिरतात. थांबा. डोळे सरावले की समोर, दक्षिणेच्या भिंतीत, जवळजवळ वीस फुटी सदाशिव हळूहळू अंधारातून वर येतो. लोक त्याला ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात. तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. आपल्या डाव्या हाताचं मुख उग्र, उजव्या हाताचं सौम्य, जवळजवळ स्त्रीचं, आणि मधलं डोळे मिटलेलं. त्याच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आहे, दुसऱ्या बाजूला गंगा झेलणारा शिव. हे सहाव्या शतकाच्या मध्याचं काम मानलं जातं. मी इथे शेकडो वेळा आलो असेन, तरी त्या मधल्या मुखासमोर बोलणं थांबवतो.

बेटाचं इंग्रजी नाव एलिफंटा, पण हत्ती तिथे सापडणार नाही. किनाऱ्याजवळ एक मोठा दगडी हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीजांनी ते नाव दिलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलला, तेव्हा क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते पुढे जोडले आणि आता तो भायखळ्याला, राणीच्या बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

दीड-दोनपर्यंत परत याल. जेवण करून छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, गेटवेपासून चालत जाण्याएवढं. दुपारचं ऊन घालवायला याहून चांगली जागा नाही. संपूर्ण बघायचा हट्ट धरू नका. मूर्तींचं दालन आणि लघुचित्रं बघा, बाकी मुलं ओढून नेतील तिकडे जा. रविवारी दुपारी अजून जीव उरला तर मुलांना लोकल दाखवा: चर्चगेटहून स्लो गाडीत बसा, डाव्या बाजूची खिडकी धरा, चर्नी रोडपर्यंत जाऊन परत या. मध्ये जिमखान्यांच्या मैदानांपलीकडे समुद्र दिसतो. मात्र रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद ठेवतात, वेळापत्रक बघून निघा. आणि कामाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा चर्चगेट-सीएसएमटीकडे येणाऱ्या, संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ तिथून सुटणाऱ्या गाड्यांत म्हाताऱ्या माणसांना घेऊन पाय ठेवू नका.

सोमवारी सकाळी सिद्धिविनायक. पूर्वी मी टॅक्सी सांगितली असती. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे आणि सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि सिद्धिविनायक ही तिची थेट स्टेशनं आहेत. लिफ्ट आहे, बसायला जागा मिळते, सासूबाई तुम्हाला दुवा देतील. दर्शनानंतर टॅक्सीने महालक्ष्मी आणि मग हाजी अली. रिक्षा शोधत बसू नका, माहीम-शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाहीत. काळीपिवळी टॅक्सीला हात करा आणि मीटर टाकायला सांगा.

हाजी अलीची वाट समुद्रातून जाते आणि भरतीला पाण्याखाली जाते. वेळ मोबाइलवर मिळते, पण आमच्याकडचा जुना हिशोब सासऱ्यांना आवडेल: पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊच्या आसपास भरती आणि तीनच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी उधाण असतं, त्या दिवशी सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळीच जा. पावसाळ्यात येणार असाल तर घारापुरीच्या बोटींचाही भरवसा धरू नका.

दुपारनंतर जास्तीचं काही ठेवू नका. जुहूला जाऊन-येऊन तीन-चार तास जातील आणि वाळू हवी असेल तर गिरगाव चौपाटी आहे. मुलांचं मन मोडवत नसेल तर राणीची बाग घ्या, सोमवारी ती उघडी असते. आवाराच्या बाजूलाच तो घारापुरीचा हत्ती आहे. संग्रहालय सुरू आहे का तेवढं विचारून जा.

रात्रीच्या गाडीला तासभर आधी पोचा. टॅक्सीवाल्याला नुसतं सीएसटी सांगितलंत तर तो समोरच्या, लोकलच्या बाजूला सोडेल आणि सामान घेऊन अख्खं स्टेशन ओलांडावं लागेल. पी. डी'मेलो रोडच्या बाजूने, लांबच्या गाड्यांकडे, असं सांगा.